काठावरचं नाटक

नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तिसरी घंटा येते, हळूहळू मंद होणारे दिवे येतात, अंधारात खुर्चीचा नंबर शोधणारी माणसं येतात आणि मध्यंतरातला बटाटेवडा तर येतोच येतो. हे नाटक मला मनापासून आवडतं. पण आज ज्या नाटकाबद्दल सांगायचं आहे त्याला घंटा नाही, पडदा नाही, तिकीट नाही. ते एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर होतं, शाळेच्या पटांगणात होतं, वाडीतल्या देवळासमोर किंवा मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेत होतं. वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. वर्तमानपत्रात त्याची जाहिरात येत नाही आणि दुसऱ्या दिवशी परीक्षणही येत नाही.

इंग्रजीत अशा नाटकाला ‘फ्रिंज’ म्हणतात. फ्रिंज म्हणजे झालर, काठ. १९४७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात मोठा कला महोत्सव सुरू झाला. आठ नाटक मंडळ्यांना आमंत्रण नव्हतं. त्या तरीही आल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी आपले प्रयोग केले. महोत्सवाच्या काठावर झालेलं नाटक म्हणून त्याला पुढे हे नाव पडलं. आज त्या काठाचा पसारा मूळ महोत्सवापेक्षा मोठा आहे.

आम्हा महाड-पोलादपूरच्या माणसांना काठ काय असतो ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. तिच्या काठावर आमची भातशेती, आमच्या बाजारपेठा, आमची कबरस्तानं आणि आमच्या स्मशानभूमी. म्हणून मी या रंगभूमीला काठावरची रंगभूमी म्हणतो.

ही काही परदेशातून आलेली फॅशन नव्हे. महात्मा फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. अज्ञानाच्या आधारे गरीब कुणबी कसा नागवला जातो, हा त्याचा विषय. पुढे सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला. गण, गौळण, बतावणी, वग ही चौकट गावोगावच्या माणसाच्या अंगवळणी पडलेली होती. जलसेकारांनी चौकट तीच ठेवली आणि आतला ऐवज बदलला. गणातला गणपती लोकगणांचा पुढारी झाला, शृंगाराच्या जागी शिक्षणाची, सावकारीची, भटभिक्षुकीची चर्चा आली. नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी हीच वाट आंबेडकरी जलशांतून पुढे नेली. सभेला न येणारा माणूस जलशाला येत असे. वाचता न येणाऱ्या आईला जलसा पाठ होत असे.

आमच्या महाडला तर हा वारसा घरचाच आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथेच मनुस्मृतीचं दहन झालं. डिसेंबरच्या परिषदेला मांडवासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली, हे इतिहासात नोंदलेलं आहे. तो सत्याग्रह होता, नाटक नव्हतं. पण मोकळ्या आभाळाखाली, सगळ्यांच्या देखत, एक साधी कृती करून हजारो वर्षांचा प्रश्न उभा करायचा, ही रीत मात्र काठावरच्या नाटकानं अशाच घटनांकडून शिकून घ्यावी.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावच्या चाळीत, मैदानात, संपाच्या दाराशी हे पथक उभं राहिलं. बार्शीचा मेहबूब पटेल हा पोरगा अमर शेख झाला तो याच मैदानांत. लहानपणी मला कुणी विचारायचं, ‘तू मुसलमान, आणि कविता मराठीत कशी?’ तेव्हा मी उत्तरादाखल त्यांचंच नाव घ्यायचो. मागे जायचं तर पेशवाईतला सगनभाऊ होता, त्याच्याही मागे श्रीगोंद्याचे शेख महंमद होते. ही भाषा आमच्याकडे पाहुणी म्हणून आलेली नाही.

आणि याच मातीतलं आणखी एक नाटक आहे, ज्याला आपण कधी नाटक म्हणत नाही. ते म्हणजे जाखडी, आपला बाल्या नाच, शक्ती-तुरा. मधोमध शाहीर, ढोलकीवाला, झांजवाले बसतात आणि त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेले गडी फेर धरतात. एक बारी शक्तिवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. गण होतो, गौळण होते आणि मग सवाल-जवाब सुरू होतात. एका शाहिरानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते गाण्यातच सोडवायचं. रात्र सरते, पण सवाल संपत नाहीत. या परंपरेची एक दंतकथा मला फार प्रिय आहे. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शहाअली नावाचा फकीर यांची गाण्यात जुगलबंदी झाली. दोघेही हटेनात. राजानं खूश होऊन एकाला तुरा दिला आणि दुसऱ्याला कलगी. त्यातून दोन पक्ष झाले. दंतकथा खरी की खोटी हा प्रश्न सोडा. वाद घालायला दोघं लागतात आणि दोघांनाही मान मिळावा लागतो, एवढं तिच्यातून कळतं. आमच्या भागातले हजारो लोक गिरण्यांत कामाला गेले, तेव्हा जाखडीही त्यांच्याबरोबर मुंबईला गेली आणि परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी रंगू लागली.

आता पथनाट्याकडे येऊ. ज्याला आज आपण पथनाट्य म्हणतो ते देशभर रुजलं १९७० नंतरच्या काळात. बंगालमध्ये बादल सरकारांनी रंगमंच सोडून अंगणात आणि मैदानात नाटक नेलं. दिल्लीत १९७३ साली जन नाट्य मंच सुरू झाला. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूरला कामगारांपुढे ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना सफदर हाश्मी आणि त्यांच्या साथीदारांवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सफदर गेले. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री पथक घेऊन त्याच जागी परत गेली आणि अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. सफदरचा १२ एप्रिल हा जन्मदिवस आता पथनाट्य दिवस म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रात १९८३ साली स्त्रीमुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ उभं केलं आणि ते गावोगाव फिरलं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी चौकाचौकात बुवाबाजीची पोल खोलली. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, अतुल पेठे यांनी कार्यकर्त्यांची शिबिरं घेऊन ‘रिंगणनाट्य’ नावाचा प्रकार रुजवला. रिंगण हा वारीतला शब्द. माणसं गोल उभी राहतात, मधे खेळ होतो, आणि खेळ संपला की बोलणं सुरू होतं.

हे गोलाचं तंत्र वरवर सोपं दिसतं, पण त्यात मोठी करामत आहे. रंगमंचावर नटाला एकच बाजू सांभाळायची असते. गोलात त्याला पाठ कुठे करायची हाच प्रश्न असतो, कारण चहूकडे माणसं. म्हणून नट सतत फिरत राहतात, एक वाक्य पूर्वेला तर पुढचं पश्चिमेला. ध्वनिक्षेपक नसतो, तेव्हा महत्त्वाचं वाक्य एकटा म्हणत नाही, सगळे मिळून म्हणतात. नेपथ्य नसतं, म्हणून माणसंच भिंत होतात, झाड होतात, एसटीची गाडी होतात. एक ओढणी कधी नदी होते, कधी पाळणा, कधी कफन. पहिली दोन मिनिटं सर्वात अवघड. डफली वाजवून, ओरडून, हसवून गर्दी जमवावी लागते. बाजाराला निघालेली बाई पिशवी खाली ठेवते, त्या क्षणी नाटक सुरू झालं असं समजायचं. तिनं पिशवी पुन्हा उचलली तर नाटक पडलं.

ब्राझीलचे नाटककार ऑगस्टो बोआल यांनी याच्याही पुढची पायरी शोधली. ते नाटक पेचाच्या जागी थांबवत आणि प्रेक्षकांना विचारत, ‘तुम्ही असता तर काय केलं असतं? या, करून दाखवा.’ प्रेक्षक गोलात येई, नटाची जागा घेई आणि नाटक वेगळ्या वळणानं जाई. त्यांनी त्याला मंचीय वादाचंच रूप दिलं. आमच्या जाखडीच्या शाहिराला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग आम्ही दुसरं काय करतो?

हा सगळा इतिहास सांगायचं कारण असं, की आमच्या दोन तालुक्यांवर गेल्या वीस वर्षांत जे ओढवलं, त्याबद्दल बोलायला आम्हाला एखादी रीत हवी होती. २५-२६ जुलै २००५ च्या पावसात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि महाड तालुक्यात २०० च्या आसपास माणसं दगावली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक जीव गेले. पोलादपुरातल्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही तेव्हाच दरडी आल्या. या प्रत्येक वेळी कॅमेरे आले, मंत्री आले, मदतीचे ट्रक आले. ते परत गेल्यावर माणसं ओटीवर बसून राहिली, आणि बोलणार कोण, हा प्रश्नही तिथेच बसून राहिला.

आमची सात-आठ जणांची टोळी आहे. तिला नाव नाही. एक जिल्हा परिषदेचे गुरुजी, निवृत्त एसटी कंडक्टर, कॉलेजातल्या दोन मुली, एक रिक्षावाला, एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेला एक मुलगा, आणि गाणी लिहायला मी. २०२१ च्या पुरानंतर आम्ही दरडीवर एक छोटं नाटक बसवलं. तालमीत सवाल उभा राहिला की डोंगर कोसळतो तो दाखवायचा कसा. कंडक्टरकाका म्हणाले, ढोल वाजवू. त्या दोन मुलींपैकी एकीच्या नात्यातली माणसं दरडीत गेलेली होती. ती म्हणाली, आवाज नको. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे त्यांना तो पुन्हा ऐकवायचा नाही, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना ढोलानं तो कळणार नाही. मग आम्ही असं केलं, की सगळे एकमेकांचे हात धरून उभे. ती घरं. एकेकजण न बोलता खाली बसतो. शेवटी एकटी ती उभी राहते, दोन्ही बाजूंचे हात सुटलेले. पोलादपूरकडच्या एका वाडीत हा प्रसंग झाला, तेव्हा अंगणातली पोरंही गप्प झाली.

या नाटकाचा दुसरा भाग माहितीचा होता. दरड अचानक येते असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा डोंगर आधी सांगत असतो. उतारावर नव्या भेगा पडतात. नितळ झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, किंवा जिथे कधी पाणी नव्हतं तिथून फुटतं. झाडं आणि विजेचे खांब कलतात. दारं-खिडक्या चौकटीत अडकू लागतात. सततच्या पावसानं माती पाणी पिऊन जड होते, तिची खालच्या खडकावरची पकड सुटते. त्यात रस्त्यासाठी किंवा घरासाठी पायथा कापलेला असेल तर वरच्या मातीला टेकूच राहत नाही. हे आम्ही पुस्तकातून काढून संवादांत घातलं होतं. प्रयोग संपल्यावर एक म्हातारी आजी गोलात आली आणि तिनं आम्हालाच शिकवलं, की गुरं आधी बिथरतात, दावं तोडायला बघतात, ते तुमच्या नाटकात कुठं आहे? पुढच्या प्रयोगापासून रिक्षावाला बैल झाला. विज्ञान या खुणेला किती मानतं ते विज्ञानानं ठरवावं. रात्री दोन वाजता वाडीला जाग आली, तरी पुष्कळ.

पण त्याच दिवशी मागे उभ्या असलेल्या एका माणसानं विचारलेला प्रश्न अजून माझ्या मानेवर बसलेला आहे. तो म्हणाला, ‘खुणा कळल्या. घर सोडू. पण जायचं कुठं?’ त्याची जमीन तिथे, आंब्याची कलमं तिथे, बापजाद्यांचं देवघर तिथे. खाली सपाटीवर त्याला जागा कोण देणार? तळियेच्या माणसांना पुनर्वसनाची घरं हाती यायला काही वर्षं जावी लागली. आमच्यापाशी उत्तर नव्हतं. गुरुजींनी तसं सरळ सांगितलं. मग वाडीतल्याच चार माणसांनी तिथेच ठरवलं की पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरता शाळेचा एक वर्ग रात्री उघडा ठेवायला सांगायचं, किल्ली दोघांकडे ठेवायची आणि रात्री पावसाचा जोर वाढला की पाळीपाळीनं दोघांनी जागं राहायचं. त्यांनी अर्ज लिहिला, गुरुजींनी शुद्धलेखन तपासलं. काठावरच्या नाटकाचं यश मोजायचंच असेल तर मी टाळ्यांत मोजत नाही, अशा अर्जात मोजतो.

दुसरं नाटक अधिक अवघड होतं. महाडच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. सांडपाण्याबद्दल आणि खाडीतल्या मासळीबद्दल मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. आम्हाला नदीवर नाटक करायचं होतं. पण आमच्या टोळीतला तो मुलगा त्याच वसाहतीत कामाला. त्याची आई खाडीची मासळी विकून वाढलेली. नदीचा कैवार घ्यावा तर त्याची रोजी जाते, कारखान्याचा घ्यावा तर आजोळ जातं. शहरातून आलेल्या पथनाट्यात कारखानदार काळा कोट घालून येतो, राक्षसासारखा हसतो आणि शेवटी हरतो. ते पाहून लोक हसतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जातात.

तेव्हा शक्ती-तुरा मदतीला आला. आम्ही दोन बाऱ्या केल्या, एक नदीची, एक कारखान्याची, आणि सवाल-जवाब लावले. नदीच्या बाजूनं मी लिहिलं:

महाबळेश्वरी जन्म घेतला, गोड पाणी मी घेऊन आले,
सांग रे दादा, खाडीत येता मासे माझे कुठे रे गेले?

आणि कारखान्याच्या बाजूनं:

गिरणी मिटली, मुंबई सुटली, पोर तुझा दारी माझ्या आला,
सांग सावित्री, विझत्या चुलीला जाळ कुणी गं तेव्हा दिला?

कारखान्याची बारी त्या मुलानंच मागून घेतली. तो म्हणाला, मला तीच बाजू खरी मांडता येईल. आणि त्यानं ती इतकी खरी मांडली की ऐकणाऱ्यांत बसलेले त्याचे सोबती मान डोलावत होते. मग नदीनं शेवटचा सवाल टाकला, की दादा, तू जे पाणी सोडतोस ते तू पिशील का? इथे आम्ही जवाब लिहिलेलाच नाही. ढोलकी थांबते. तो मुलगा गोलाभोवती एक फेरी मारतो आणि लोकांना विचारतो, सांगा, मी काय म्हणू? एका ठिकाणी एक कामगार उठला आणि म्हणाला, म्हण, की पाणी शुद्ध करायला खर्च येतो, तो कर, आणि आमची नोकरीही ठेव. दुसऱ्यानं विचारलं, तपासणीचे आकडे गावाला का दाखवत नाहीत? वाद अर्धा तास चालला. नाटकापेक्षा लांब. कारखाना बंद करा आणि कारखाना चालू द्या, या दोन घोषणांच्या मधली जी जागा आहे, तिथे माणसं पहिल्यांदा बोलताना मी ऐकली.

या रंगभूमीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज पथनाट्य हा शब्द थोडा स्वस्त झाला आहे. योजनांच्या प्रचारासाठी, निवडणुकीसाठी, कंपनीच्या जाहिरातीसाठी पथकं फिरतात. पाठीमागे फलक, पुढे फोटोग्राफर, दिवसाला अमुक प्रयोग असा ठेका. त्यात काम करणाऱ्या तरुणांना चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. पण ज्या नाटकाच्या शेवटी प्रेक्षकाला प्रश्न विचारायची मुभा नाही, ती लाऊडस्पीकरची गाडी झाली. नाटकाची भीती मात्र राज्यकर्त्यांना जुनीच आहे. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतरही तो कित्येक दशकं कागदावर राहिला आणि अलीकडे कुठे रद्द झाला. आजही चौकात प्रयोग करायचा तर पोलीस ठाण्यात कळवावं लागतं, आणि कळवावंच. आमचे कंडक्टरकाका हे काम करतात. अर्जाच्या भाषेत त्यांचा हात कुणी धरणार नाही.

पैशाचा प्रश्न वेगळाच. डफली, ओढण्या, रिक्षाचं पेट्रोल आणि चहा, एवढाच आमचा खर्च. प्रयोगानंतर चादर पसरतो. कुणी दहा रुपये टाकतं, एका वाडीत तांदूळ मिळाले. खरी टंचाई आहे ती माणसांची आणि वेळेची. मुली लग्न होऊन जातात, मुलं पुण्या-मुंबईला जातात, कंत्राटी कामाच्या पाळ्या जमत नाहीत. मोबाईलमुळे प्रेक्षक कमी झाले असं म्हणतात. माझा अनुभव अर्धाच तसा आहे. लोक मोबाईल काढतात, चित्रण करतात, आणि मुंबईत बसलेल्या भावाला पाठवतात. त्या पोलादपूरच्या वाडीतला ‘जायचं कुठं’ हा प्रश्न असाच मुंबईच्या ग्राममंडळापर्यंत गेला, आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत सत्यनारायणाच्या वर्गणीबरोबर त्याचीही चर्चा झाली.

नाटकानं दरड थांबत नाही, नदी स्वच्छ होत नाही. ते काम सरकारचं, कारखान्यांचं, अभियंत्यांचं आणि शेवटी आपल्या मतांचं आहे. नाटक एवढंच करतं, की ज्याचं दुःख आहे त्याला गोलाच्या मध्ये उभं करतं आणि बाकीच्यांना थोडा वेळ थांबायला लावतं. तेव्हा तुमच्या गावात, तुमच्या नाक्यावर डफली वाजली तर वीस मिनिटं थांबा. आणि खेळ संपल्यावर लगेच पिशवी उचलू नका. नाटकात काय चुकलं, काय राहिलं ते त्या पोरांना सांगा. त्या आजींनी सांगितलं तसं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)